रंगारी रुजू होतो

बाबांनी रविवारच्या जेवणाला सगळ्यांना बोलावलं, तेव्हाच मास्तरीणबाईंना संशय आला होता. सासरे उगाच कोणाला जेवायला बोलावणारे नव्हते. आयुष्यभर त्यांनी माणसं बोलावली ती तपासायला, नाहीतर फैलावर घ्यायला. "तुझं कौतुक करायचं असेल," असं त्या नवऱ्याला म्हणाल्या खऱ्या, पण म्हणता म्हणता त्याच्या शर्टाची कॉलर उगाचच सारखी करत राहिल्या. शाळेत गणित शिकवणारी ही बाई मनात काही खटकलं की हाताला काम द्यायची.

नवऱ्याला घरात सगळे रंगारी म्हणत. नाव बाबांनीच पाडलेलं. आजोबा डॉक्टर, बाबा सर्जन, थोरली ताई सर्जन, आणि ताईने नवरा निवडला तोही डोळ्यांचा डॉक्टर. अशा घरातला धाकटा मुलगा रंगाच्या कंपनीत विक्रीच्या कामाला लागला, त्या दिवशी बाबा म्हणाले होते, "चला, घरात एक रंगारी झाला." चेष्टेत म्हणाले होते, पण ती चेष्टा भिंतीवरच्या तेलरंगासारखी पक्की बसली. रंगाऱ्याने ती मनाला लावून घेतली नाही. तो चढत चढत विभागाचा मुख्य झाला, त्याच्या हाताखाली माणसं आली, कंपनीची गाडी आली. मग कंपनीच दुसऱ्या कंपनीने गिळली. नव्या मालकांना एका कामाला दोन माणसं नको होती, आणि दोघांतला महागडा रंगारी होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी तो टेबलावरचा चहाचा मग आणि एक छत्री घेऊन घरी आला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते त्याचं त्याला ठाऊक. अर्जांवर अर्ज केले. मुलाखत घ्यायला बसलेली पोरं त्याच्या मुलीपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठी. "तुमचा अनुभव आमच्या जागेच्या मानाने फारच मोठा आहे, सर," असं ती अदबीने सांगत आणि दारापर्यंत सोडायला येत. घराघरांत तेच चाललं होतं. ओळखीतले दोघं-तिघं भलेभले साहेब घरी बसून झाडांना पाणी घालत होते. त्यांच्यातला एक म्हणाला, आता आपण संपलो, हे एकदा मान्य केलं की झोप लागते. रंगाऱ्याला झोप लागली नाही.

त्याच वर्षी आई अंथरुणाला खिळली. घरात तीन डॉक्टर, पण तिघांच्याही दाराशी पेशंट बसलेले. वेळ होता तो एकट्या रंगाऱ्याला. तो आईजवळ दवाखान्यात राहिला. वॉर्डातल्या एका सिस्टरने त्याला शिकवलं की माणसाला न दुखवता कूस कशी बदलायची, त्याला न उठवता खालची चादर कशी काढायची, घास भरवताना हनुवटी कुठे ठेवायची. आधी तो नाइलाजाने शिकला. पुढे पुढे सकाळी उठल्यावर आपल्याला आज काय काय करायचंय, याची मनात जुळवाजुळव व्हायला लागली, आणि कितीतरी महिन्यांनी अंगात कामाची ऊब आली. आई गेली. सगळं आवरल्यावर एका सकाळी त्याने बायकोला सांगितलं की मला नर्स व्हायचंय.

मास्तरीणबाईंनी हातातलं काम थांबवलं. त्याच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा. वर्गात पहिल्या बाकावर बस."

एवढंच. बाबा मात्र दोनच वाक्यं बोलले होते. "आपल्या घरात सलाइन लावायला सांगणारी माणसं झाली. लावणारा अजून कोणी झाला नव्हता." आणि पुढची सगळी वर्षं त्यांनी या विषयाला पुन्हा हात लावला नाही.

आता तो शिकून तयार झाला होता; दवाखान्यात पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात, तसं म्हणवून घ्यायला मोकळा. वर्गातली पोरंपोरी आधी त्याला काका म्हणत, मग परीक्षेच्या आधी त्याच्याच घरी अभ्यासाला जमायला लागली. पण शिकून बाहेर पडला तर इथेही तीच गत. दवाखान्यांनी भरती आखडती घेतलेली; जागा मूठभर आणि उमेदवारांची रांग फाटकाबाहेर. जिथे तिथे तेच प्रश्न. रात्रपाळी झेपेल का? मुलीच्या वयाची इन्चार्ज चारचौघांत बोलली तर ऐकून घ्याल का? तो म्हणायचा, ऐकून घेईन. ते म्हणायचे, कळवू.

शेवटी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात मुलाखत झाली. माणसाएवढ्या बाहुल्यावर प्रात्यक्षिक झालं. आठवडाभर सामसूम. मग अचानक त्याला एकट्यालाच पुन्हा बोलावणं आलं, आणि या वेळी समोर बाहुला नव्हता. भाजलेल्यांच्या वॉर्डातला एक बेकरीवाला होता. भट्टीचा भडका उडून त्याचा हात आणि छाती भाजली होती, आणि कोणी पट्टीला हात लावला की तो अख्खा वॉर्ड डोक्यावर घ्यायचा. त्याची पट्टी बदला, असं नर्सेसच्या प्रमुख मेट्रनबाईंनी सांगितलं, आणि दोन इन्चार्ज सिस्टर्सना सोबत घेऊन त्या कॉटच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. आपल्यालाच परत का बोलावलं, हे रंगाऱ्याला कळलं नाही. त्याने विचारलंही नाही. हात धुतले आणि कामाला लागला. चार दिवसांनी निवड झाल्याचं कळलं. भाजलेल्यांचा वॉर्ड, सोमवारपासून सकाळची पाळी.

आणि आज रविवार होता.

बाबांच्या जेवणघरात लांब टेबल होतं आणि त्याच्या टोकाला बाबा. ऐंशी पार केलेली, पण पाठ अजून ताठ. उजव्या हाताला ताई, तिच्या शेजारी भाऊजी. भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. गोल चेहऱ्याचा, गोड बोलणारा, पोटात काही न ठेवणारा माणूस. जेवण गप्पागोष्टींत चाललं. भाऊजींनी दोन जुने विनोद सांगितले आणि त्यांना स्वतःलाच हसू आवरेना. फळांची बशी फिरली. मग बाबांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला, आणि सगळे गप्प झाले. या घरात पेला सरकला की राउंड सुरू झाला असं समजायचं.

बाबा म्हणाले की त्यांनी विचार केलाय. धाकट्याने या वयात शिकून दाखवलं, चिकाटी आहे, त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नाही. पण घरचा दवाखाना असताना परक्यांच्या दारात कशाला उभं राहायचं? ताईला व्यवस्थापक हवाच आहे. स्वतंत्र खोली मिळेल, टेबल मिळेल, माणसांवर देखरेख करायची. नर्सिंगचं शिक्षण तिथेही उपयोगी पडेल. ताईने मान डोलावली. तीही बरंच बोलली. भाजलेल्यांचा वॉर्ड म्हणजे खायचं काम नाही, भल्याभल्या तरुण नर्सेस महिन्याभरात बदली मागतात, असं तिने समजावलं. भाऊजींनी री ओढली. तिघं डॉक्टर एका बाजूला झाले, आणि बोलण्यात इतकी माया होती की नाही म्हणणंच अवघड व्हावं.

रंगाऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो सावकाश म्हणाला, "बाबा, मला खोली नकोय. मला वॉर्ड मिळालाय."

"वॉर्ड मिळालाय म्हणजे काय बक्षीस मिळालंय का?" बाबांनी विचारलं.

"माझ्यासाठी बक्षीसच आहे. रंगाच्या कंपनीत मला तुमचं नाव बघून घेतलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. मालकाच्या बायकोचं ऑपरेशन तुम्ही केलं होतं. ही पहिली नोकरी आहे जी मला मी म्हणून मिळाली."

शांतता भरून काढायची म्हणून भाऊजी बोलले. ते कधी कोणाचं वाईट चिंतायचे नाहीत. त्यांचा घोटाळा एवढाच की रिकामी जागा दिसली की ते तिथे शब्द ठेवून द्यायचे. "अरे, मी म्हणून बिणून काही नसतं रे," ते हसत म्हणाले. "सगळ्यांनाच कोणीतरी एक फोन करतं. त्यात कमीपणा कसला?"

ताईने हातातला काटा बशीत ठेवला. आवाज फारसा झाला नाही, पण भाऊजींचं हसू तिथेच थांबलं.

मास्तरीणबाईंनी नणंदेकडे पाहिलं. "कोणी केला फोन?" त्यांनी विचारलं. वर्गात मागच्या बाकावरून खडू आला की विचारायच्या तसंच, अगदी शांतपणे.

ताई खोटं बोलणारी नव्हती. तिने सांगून टाकलं. मोठ्या दवाखान्यातली मेट्रन तिच्या जुन्या ओळखीची. ताई शिकाऊ डॉक्टर होती तेव्हा त्या दोघी एकाच ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या. रंगाऱ्याची मुलाखत झाल्यावर ताईने तिला फोन केला होता. माझा भाऊ आहे, जरा बघ, एवढंच म्हणाली होती; त्याला भाजलेल्यांचा वॉर्ड मिळेल असं तिला वाटलं नव्हतं.

रंगाऱ्याला वाटलं, आपण बसलोय ती खुर्ची कोणीतरी हळूच काढून घेतलीय. दुसऱ्यांदा का बोलावलं ते आता त्याच्या लक्षात आलं. पहिल्या वेळी आपण निवडीत बसलो नसणार. बसवण्यासाठी दुसरी संधी काढली गेली. त्या बेकरीवाल्याजवळ आपण घाम गाळला, ते नाटकच होतं म्हणायचं. तो उठला. आवाज चढवावा असं त्याला वाटलंच नाही. त्याने फक्त सांगितलं की मेट्रनबाई आज ड्यूटीवर आहेत आणि तो त्यांना भेटून येतोय.

बाबा म्हणाले, बस खाली. तो बसला नाही. बाबांचं न ऐकता टेबलावरून उठण्याची त्याची ही पहिलीच वेळ, आणि हे त्याला जिना उतरल्यावर जाणवलं. फाटकाशी मास्तरीणबाई मागून आल्या. त्यांनी ना अडवलं, ना समजूत घातली. "विचारून ये," त्या म्हणाल्या. "उत्तर काहीही आलं तरी आपण दोघं मिळून बघू. मी इथेच थांबते. वर जाऊन मलाही थोडं बोलायचंय."

बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसत नव्हतं. मनात वाक्यांची जुळणी चालू होती. आभारी आहे, पण ही जागा मला घेता येणार नाही. रांगेतल्या कोणाला तरी द्या. वर्गातली एक बुटकी, हुशार मुलगी त्याला आठवली. ती अजून नोकरीविना घरीच होती. तिची जागा तर आपण खाल्ली नाही?

मेट्रनबाईंची खोली पहिल्या मजल्यावर, औषधांच्या भांडाराला लागून होती. साठीकडे झुकलेली, बारीक अंगाची बाई; केसांचा घट्ट अंबाडा, पायात आवाज न करणारे बूट. त्या उभ्या उभ्याच चहा पीत होत्या. रंगाऱ्याने बसता बसताच सगळं सांगून टाकलं: बहिणीचा फोन मला आज कळला, मला असली नोकरी नको, उद्या मी रुजू होणार नाही.

बाईंनी कप खाली ठेवला. "झालं बोलून?" त्यांनी विचारलं. "आता ऐका. तुमच्या बहिणीचा फोन आला, त्याच्या आदल्या दिवशी तुमची निवड झालेली होती. फोन ठेवला आणि मी तुमचं नाव काढून टाकलं."

"काढून टाकलं?" रंगाऱ्याने विचारलं.

"शिफारशीचा माणूस मी माझ्या वॉर्डात घेत नाही. अशी माणसं मी पाहिलीत. कोणाच्या तरी फोनवर येतात आणि दर अडचणीला फोनकडेच बघतात. तुमच्या बहिणीलाही हे माहीत असायला हवं होतं, पण भावाचा विषय आला की शहाणी माणसंही जरा कमी शहाणी होतात." बाई खुर्चीत टेकल्या. "दोन दिवस मला चैन पडेना. चूक बहिणीची आणि मार भावाला, हेही काही खरं नव्हे. म्हणून परत बोलावलं. आणि मुद्दाम तो बेकरीवाला दिला. दोन्ही इन्चार्जना सांगितलं, याचं काही चुकतंय का तेवढंच बघा, जरासुद्धा चुकलं तर मला हवंच आहे."

"मग?"

"मग काय. तुमच्या जागी दुसरं कोणी असतं तर एकदाच पास व्हावं लागलं असतं. तुम्हाला दोनदा व्हावं लागलं. त्या फोनने तुमचं भलं काही केलं नाही, उलट वाटेत धोंडा टाकला. तो ओलांडून आलात." त्यांनी कप पुन्हा उचलला. "तुम्ही गेल्यावर मी त्या बेकरीवाल्याला विचारलं, कसा वाटला माणूस. तो म्हणाला, उद्याही हाच पाठवा. आता राजीनामा द्यायचा तर आधी रुजू व्हावं लागतं. उद्या सकाळी या. वॉर्डात एकही कॉट रिकामी नाही."

ती बुटकी, हुशार मुलगी त्याच्या ओठांवर होतीच. त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, तिचीही निवड झालीय, मुलांच्या वॉर्डात. आणखी काही?

आणखी काही नव्हतं. तो व्हरांड्यात आला. समोर भाजलेल्यांच्या वॉर्डाचा झुलता दरवाजा होता, आणि त्याच्या गोल काचेतून आत कोणीतरी कॉटवर वाकलेलं दिसत होतं. तो तिथे जरा वेळ उभा राहिला. बऱ्याच वर्षांत त्याने पाठ इतकी सरळ करून श्वास घेतला नव्हता.

तो परतला तेव्हा बाबांच्या घरात चहाची वेळ झाली होती, आणि मधल्या वेळात घराची मांडणी बदलली होती. बाबा आपल्या जागी होते, पण ताई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली होती, आणि भाऊजी दोघांच्या बरोबर मध्ये, कोणाच्याही बाजूला नाही असे. मास्तरीणबाई चहा ओतत होत्या. काय घडलं ते त्याला पुढे बायकोकडून कळलं. तिने वर जाऊन नणंदेला एवढंच विचारलं होतं की तुमच्या सर्जरीच्या परीक्षेला बाबांनी परीक्षकांना फोन केला असता तर तुम्हाला चाललं असतं का. ताई उत्तर देण्याआधी बाबाच म्हणाले होते, मी केला नव्हता. कधीच केला नव्हता. आणि लेकीकडे अशा नजरेने पाहिलं होतं की ताई उठून लांबच्या खुर्चीवर गेली.

रंगाऱ्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. निवड, फोन, नाव काढणं, परत बोलावणं. सांगताना त्याच्या आवाजात राग राहिला नव्हता. भाऊजींनी दोन्ही हात डोक्याला लावले. मास्तरीणबाईंनी चहाची किटली खाली ठेवली आणि नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्याने त्याचे कान लाल झाले.

ताईने चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "म्हणजे मी तुझी नोकरी घालवलीच होती."

"जवळजवळ."

"मला वाटलं तू पडशील. लहानपणापासून मला तसंच वाटत आलंय. तू जिना उतरायला लागलास की मी आधी खाली जाऊन उभी राहायचे."

"ताई, मी पडलोच होतो की. कंपनीतून छत्री घेऊन घरी आलो, तेव्हाच. ते सगळं बघून झालंय माझं." तो तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. "आता जिन्याखाली उभी राहू नकोस. वर उभी राहून बघ, मी कुठवर जातो ते."

ताईने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. या घरात माफी मागायची पद्धत नव्हती. हीच काय ती माफी.

मग बाबा म्हणाले, "त्या बेकरीवाल्याचं सांग. कुठून सुरुवात केलीस?"

रंगाऱ्याला वाटलं आपण पुन्हा परीक्षेला बसलोय. त्याने सांगायला सुरुवात केली. आधी दुखणं कमी व्हायचं औषध दिलं. ते चढेपर्यंत पट्टीला हात लावला नाही. बेकरीवाल्याला भट्टीबद्दल विचारत बसलो. किती तापली की पाव आत सरकवायचे, कळतं कसं. मग जिथे जिथे कापड जखमेला चिकटलं होतं तिथे पाण्याने भिजवलं, आणि तेही सुटेपर्यंत थांबलो. ओढलं नाही. कापड आपोआप उचलायला लागलं तेव्हा उचललं. बेकरीवाला मधे एकदा कण्हला, तेव्हा हात थांबवला आणि तो हो म्हणाल्यावर पुढे गेलो. पायथ्याशी कोणीतरी घड्याळ बघत होतं, तिकडे लक्ष दिलं नाही.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर आपोआप हलत होती, जणू तीही पट्टी सोडवत होती. बोलणं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"बरोबर," ते म्हणाले. "औषध चढेपर्यंत थांबलास ते बरोबर केलंस."

ताईने चटकन मान वर केली. बाबांच्या हाताखाली तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती, आणि हा शब्द तिने स्वतः एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतका ऐकला होता. तिने भावाकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हेवा आणि अभिमान असे मिसळून आले की तिला त्यांतलं एकही लपवता येईना. शेवटी ती हसली. भाऊजींनी हीच वेळ साधून तिसरा जुना विनोद सांगायला घेतला, आणि या वेळी सगळ्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी घरातून लवकरच निघाला. लेकीने त्याच्या गणवेशाला इस्त्री करून ठेवली होती. मास्तरीणबाईंची शाळाही सकाळचीच. दोघं कोपऱ्यापर्यंत बरोबर चालले आणि तिथून आपापल्या बसला लागले.

मोठ्या दवाखान्याच्या दारात रात्रीची माणसं बाहेर पडत होती आणि सकाळची आत येत होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याने पिकल्या केसांचा, चष्मेवाला माणूस पाहिला आणि सवयीने हात आडवा केला. नातेवाइकांना आत्ता सोडत नाहीत, त्याने सांगितलं, भेटायची वेळ दुपारची; पेशंट कोणत्या वॉर्डात आहे ते सांगा, निरोप पोचवतो.

रंगाऱ्याला घाई नव्हती. आतापर्यंत त्याने हे वाक्य नेहमी "मी नर्स होणार" असंच म्हटलं होतं. आज पहिल्यांदा ते पुरं म्हणायचं होतं, आणि ते त्याला नीट म्हणायचं होतं.

"मी कोणाला भेटायला आलेलो नाही," तो म्हणाला. "मी इथला नर्स आहे. भाजलेल्यांचा वॉर्ड."

पहारेकऱ्याने त्याला पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग आडवा हात मागे घेतला.

"या, ब्रदर," तो म्हणाला, आणि फाटक उघडून धरलं.